त्या काळ्या अळ्यांवर औषध मारू नका

प्रश्न थोडक्यात असा: जालना जिल्ह्यात तीन एकर कपाशी, लागवडीला 55 दिवस झालेले. तिसाव्या दिवशी मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला म्हणून दुकानातून आणलेली दोन औषधं एकत्र करून मारली. आठवडाभर रान स्वच्छ राहिलं आणि पंधरा दिवसांनी मावा पहिल्यापेक्षा जास्त झाला. मग क्रायसोपर्लाची (ज्याच्या अळ्या मावा खातात अशा मित्रकीटकाची) अंडी मागवून सोडली, आठ दिवस झाले तरी फरक नाही. आता शेंड्याच्या पानांवर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या फिरताना दिसताहेत. ही नवी कीड कोणती, तिच्यावर काय मारायचं, आणि मित्रकीटक खरोखर काम करतात की नुसतं सांगायला आहेत?

सुरुवात तुमच्या नव्या किडीपासून करतो, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही पंप भरला तर सगळंच हातचं जाईल. त्या अळ्यांवर काहीही मारू नका. ती कीड नाही, त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत. लालसर-पिवळ्या पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी रेघा असलेला, अर्ध्या वाटाण्यासारखा गोल किडा तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. कोणी त्याला लेडीबर्ड म्हणतं. त्याचंच हे बालपण, आणि बापाशी त्याचं काडीचंही साम्य नाही. सुसरीचं पिल्लू असावं तशी लांबट, मागे निमुळती, अंगावर गाठी आणि काटे, पुढे सहा पाय. मी पाहिलेल्या दहा शेतकऱ्यांपैकी आठजण ही अळी दिसली की घाबरतात. मी स्वतः या कामाला लागलो तेव्हा पहिल्या हंगामात एका आजोबांना "हो, अळी आलीय, फवारा" असं सांगून बसलो होतो. वर्षभराने भिंगाखाली ती अळी मावा खाताना पाहिली तेव्हा त्या आजोबांच्या रानात जाऊन चूक सांगितली. म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

उद्या सकाळी नऊच्या आत रानात जा. शक्य असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. माव्याने भरलेलं एक पान हळूच उलटवा आणि त्या अळीजवळ पाच मिनिटं नुसते बसा. ती माव्याच्या थव्यात तोंड खुपसते, एकाला पकडते, रस ओढते, चुरगळलेली साल टाकते आणि पुढच्याकडे वळते. त्याच पानावर बाजूला पिवळ्याधमक, उभ्या लावलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारख्या दहा-वीस अंड्यांचा पुंजका दिसला तर तो तिच्याच जातीचा. पानाला शेपटीने चिकटून बसलेली, न हलणारी, नारिंगी-काळी गोळी दिसेल, तो तिचा कोष. बोट लावलं की तो एकदम उभा होऊन आपटतो. याला रोगाचा डाग समजून पानं तोडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आणखी दोन गोष्टी तिथेच बघून घ्या. पानावर पांढरा भुसा पडलेला दिसतो तो मावा नाही, माव्याने टाकलेली कात आहे. ती मोजू नका. आणि माव्यात काही दाणे फुगलेले, बदामी, चकचकीत, जागचे न हलणारे दिसतील. त्यांच्या पोटात गांधीलमाशीच्या जातीच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या माशीचं पिल्लू वाढतंय. पाठीवर गोल भोक असेल तर ते बाहेर पडून पुढच्या माव्यावर गेलं. असा दाणा एक दिसला की समजा, न दिसणारे अजून बरेच आहेत.

आता तिसाव्या दिवसाकडे येऊ, कारण खरी गडबड तिथे झाली. आपल्याकडे कपाशीचं बीटी बियाणं बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाची प्रक्रिया करूनच येतं. उगवल्यापासून साधारण महिनाभर ते रोपाला रसशोषक किडींपासून सांभाळतं. त्या मुदतीच्या शेवटाला थोडा मावा दिसणं स्वाभाविक आहे, आणि तो दिसायलाच हवा असं मी म्हणेन. ढालकिडा रिकाम्या रानात अंडी घालत नाही. मादी उडत येते, माव्याचा वास आणि चिकटा ओळखते, पिल्लांना पुरेल इतका मावा आहे का बघते, मग अंडी घालते. म्हणजे मावा आधी येणार, त्याला खाणारे मागाहून. मधलं हे अंतर आठ ते पंधरा दिवसांचं असतं आणि ते दिवस शेतकऱ्याला फार जड जातात. नेमके त्याच दिवसांत फवारणी होते.

तुम्ही मारलेल्या मिश्रणात असिफेट होतं असं तुम्ही लिहिलंय. असिफेटसारखी व्यापक विषं मावा, ढालकिडा, कोळी, क्रायसोपर्ला असा भेद करत नाहीत. समोर आलं ते मेलं. फरक पुढे पडतो. माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडी घालण्याची गरज नाही, ती थेट पिल्लं देते आणि आठवड्याभरात ती पिल्लं स्वतः पिल्लं देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत अडीच आठवडे लागतात. दोघांनाही तुम्ही शून्यावर आणलं तर शर्यत कोण जिंकणार? औषधातून वाचलेला मुठभर मावा, त्यावर पावसाची उघडीप, आणि खाणारं कोणी नाही. पंधरा दिवसांत मावा दुप्पट झाला तो अशाने. औषध बनावट होतं अशी शंका तुम्हाला आलीय; मला तसं वाटत नाही. ते नको तितकं चाललं.

ही गोष्ट फक्त आपल्या रानातली नाही. इंडोनेशियात 1970च्या दशकात भातावर तपकिरी तुडतुड्याने उच्छाद मांडला होता. सरकार औषधावर अनुदान देत होतं, फवारण्या वाढत होत्या आणि तुडतुडाही वाढत होता. तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकूण फवारणीत मरत होते, हे कळायला बराच काळ गेला. शेवटी 1986 साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर 57 कीटकनाशकं बंद केली गेली, शेतकऱ्यांना बांधावर बसून किडी आणि मित्रकीटक मोजायला शिकवलं गेलं आणि त्यानंतर फवारण्या कमी होऊनही भात पिकत राहिला.

क्रायसोपर्लाच्या अंड्यांचं काय झालं असावं? माल वाईट होता असं मी लगेच म्हणणार नाही. पण ही अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. ताजी असताना ती हिरवट असतात, फुटायला आली की राखाडी होतात. डबी दोन दिवस एसटीच्या टपावर किंवा कुरिअरच्या गोदामात उन्हात राहिली तर वाटेतच फुटतात, आणि या अळ्या इतक्या खादाड की दुसरं काही मिळालं नाही तर एकमेकींना खातात. डबी उघडल्यावर आत भुशात चार-दोन अळ्या फिरताना दिसल्या होत्या का, आठवून बघा. दुसरं, तुम्ही लिहिलंय की अंडी भुशात मिसळून दुपारी ओळींवर उधळली. अर्धी जमिनीवर पडली असणार, आणि जमिनीवर मुंग्या. संध्याकाळी, पानांवर, मावा असलेल्या झाडांवरच ती पडायला हवी होती. तिसरं, असिफेट मारून सतरा दिवसच झाले होते. नवीन पालवीवर त्याचा त्रास उरला नसेल, पण खालची जुनी पानं अगदी निर्धोक असतील असं मी धरणार नाही.

निसर्गात क्रायसोपर्लाची मादी स्वतः काय करते ते पाहिलं तर फरक कळतो. ती एकेक अंडं केसासारख्या पांढऱ्या दांडीच्या टोकावर टांगते, पानापासून वर, अधांतरी. मुंग्या आणि भावंडं, दोघांपासून ते लांब. अशी दांडीवरची अंडी तुमच्या रानात दिसली तर विकत आणलेल्या डबीपेक्षा ती मोलाची आहेत. मी विकतच्या मित्रकीटकांच्या विरोधात नाही. काही ठिकाणी त्यांना पर्याय नाही. पण ज्या रानात गेल्या पंधरा दिवसांत जहाल औषध पडलंय, तिथे ते आणून सोडणं म्हणजे ओल नसलेल्या जमिनीत बी टाकणं.

माझा या गोष्टीवर विश्वास बसला तो उसात. 2002च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पहिल्यांदा नोंदला गेला आणि बघता बघता कृष्णाकाठचं, कोल्हापूरचं, पुढे सीमेपलीकडचं कर्नाटकातलं रान पांढरं झालं. पानाच्या खालून कापूस लावल्यासारखा थर, वरून चिकटा, त्यावर काळी बुरशी. उसातून चालून बाहेर आलं की सदरा पांढरा आणि हात काळे. मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या ऊसविकास विभागात होतो. सहा-सात महिन्यांचा ऊस डोक्यावर गेलेला. त्यात पंप घेऊन शिरणार कोण? तरी लोक शिरले, भुकटी धुरळली, औषधं मारली, तोंडावर उपरणं बांधून. मावा हटला नाही.

त्याच लोकरीखाली आम्हाला हळूहळू दोन भक्षक सापडू लागले. एक डिफा नावाच्या पतंगाची अळी, जिला तेव्हा बरेच जण कोनोबाथ्रा म्हणत, आणि दुसरा मायक्रोमस, क्रायसोपर्लाचाच भाऊबंद. डिफाची अळी माव्याच्या लोकरीतच रेशमाचं जाळं करून आत बसते आणि तिथूनच मावा फस्त करत पुढे सरकते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. पानाचा थर बोटाने बाजूला केला की हिरवट-तपकिरी अळी वळवळते. विद्यापीठ आणि संशोधन संस्थांनी हेक्टरी 1000 डिफाच्या किंवा 2500 मायक्रोमसच्या अळ्या सोडायची शिफारस केली. पण इतक्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवणं सोपं नव्हतं, कारण त्यांना खायला जिवंत लोकरी मावाच लागतो. मग जिथे डिफा भरपूर झाली होती त्या फडातली पानं कापून, पाट्यांत भरून, दुसऱ्या गावच्या फडात पानाला पान बांधत आम्ही फिरलो. एका पाटीत किती अळ्या, किती कोष, हे मोजायला शाळेतली पोरं बसवली होती. ज्या फडात डिफा सोडली तिथे औषध मारायचं नाही आणि पाचट जाळायचं नाही, एवढी दोनच बंधनं. पुढच्या दोन हंगामांत लोकरी माव्याचा जोर ओसरला. तो आजही अधूनमधून एखाद्या फडात दिसतो, पण त्याच्यामागे डिफाही येते.

त्या दिवसांतली एक सकाळ विसरता येत नाही. एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या भरीला पडून डिफा सोडलेल्या फडाच्या कडेने धुरळणी केली. तिसऱ्या दिवशी गेलो तर लोकर तशीच आणि जाळ्यांत मेलेल्या अळ्या. मावा पानाच्या मागे, मेणाखाली सुरक्षित राहिला होता. त्या माणसाला बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण त्याने भीतीपोटी केलं होतं. तीच भीती मला तुमच्या प्रश्नात दिसते, म्हणून इतकं लांबण लावतोय.

मुंग्यांचं एक सांगायचं राहिलं. मावा आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) जो गोड चिकटा सोडतात, तो मुंग्यांचं अन्न. त्यासाठी त्या त्यांची राखण करतात, ढालकिड्याच्या अळीला चावून हाकलतात, अंडी उचलून नेतात. द्राक्षबागेत मिलीबगवर क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडले आणि खोडावरून मुंग्यांची रांग चालूच राहिली तर भुंग्यांचे पैसे पाण्यात. हा क्रिप्टोलिमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली भारतात आणला गेला आणि आजही फळबागांत मिलीबगवरचा सगळ्यात भरवशाचा भक्षक आहे. पण त्याची अळी दिसते कशी माहीत आहे? अंगभर पांढरे मेणाचे धागे, हुबेहूब मोठा मिलीबग. बागायतदार "मिलीबग वाढला" म्हणून तिच्यावरच औषध मारतात. ओळखायची खूण एकच: मिलीबग एका जागी चिकटून असतो, ही अळी लगबगीने चालते आणि तिचे धागे लांब असतात. तुमच्या कपाशीत मुंग्यांची वारुळं बुंध्याजवळच असतील तर डवरणीने ती मोडा, तेवढं पुरतं.

आता या आठवड्यात काय करायचं ते. रानात तिरकं चालत वीस झाडं निवडा, कडेच्या दोन ओळी सोडून. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं एकेक पान उलटं करून बघा. मावा सरासरी पानामागे दहाच्या वर, तुडतुडे दोन-तीनच्या वर, फुलकिडे दहाच्या वर गेले तर ती आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करण्याची वेळ, समजली जाते. पण हे आकडे एकटे वाचू नका. त्याच साठ पानांवर ढालकिडे, त्यांच्या अळ्या, अंड्यांचे पुंजके, सिरफिड माशीच्या बिनपायाच्या, जळवेसारख्या हिरवट अळ्या, फुगलेला बदामी मावा, कोळी हेही मोजा. माझा स्वतःचा वर्षानुवर्षांचा ठोकताळा असा आहे की मावा असलेल्या पानांपैकी निम्म्यांवर यातलं काही ना काही असेल तर मी पाच दिवस थांबतो आणि त्याच झाडांवर पुन्हा मोजतो. मावा स्थिर असेल किंवा उतरत असेल तर पुढचे पाच दिवस पुन्हा थांबतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही याच टप्प्यावर आहात. ढालकिडे कोणीही न सोडता तुमच्या रानात परत आलेत.

थांबवतच नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून पिळून, साबणाची भुकटी घालून शंभर लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. अगदी कोवळ्या अळ्यांना त्याचाही थोडा त्रास होतो, पण भुंगेरे आणि मोठ्या अळ्या तगतात. तुडतुडे मात्र वेगळा विषय आहे. ढालकिडा त्यांच्या मागे लागत नाही. कोळी आणि क्रायसोपर्ला काही प्रमाणात खातात. पानांच्या कडा पिवळ्या-लाल होऊन मुडपायला लागल्या आणि संख्या पातळीच्या वर गेली तर मित्रकीटकांच्या भरवशावर बसू नका. तेव्हा फ्लोनिकामिडसारखं, रस शोषणाऱ्या किडींपुरतं आणि भक्षकांना त्या मानाने सौम्य असलेलं औषध लेबलवरच्या प्रमाणात, एकटं मारा. दोन-तीन औषधं एकत्र कालवणं बंद करा. हे खर्चाचंच नाही. 2017 साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाचलेली प्रत्येक फवारणी पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचीही वाचते.

गुलाबी बोंडअळीबाबत स्पष्ट सांगतो: ती एकदा बोंडात शिरली की कुठलाही ढालकिडा तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), डोमकळ्या (अळी शिरलेली, न उमललेली फुलं) वेचून नष्ट करणं, अंड्यांवर ट्रायकोकार्ड (अंड्यांत वाढणाऱ्या बारीक परोपजीवी माशीचं कार्ड) आणि फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणं) न घेणं, हेच उपाय. पाते लागायला सुरुवात झाली असेल तर सापळे आताच लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठच्या वर पतंग आले की मला कळवा.

पुढच्या वर्षासाठी चवळी. कपाशीच्या दर दहा-बारा ओळींनंतर एक ओळ, आणि धुऱ्याच्या कडेने मका किंवा ज्वारी. चवळीवर येणारा काळा मावा शेंगवर्गीय पिकांवर रमतो, कपाशीवरचा मावा वेगळ्या जातीचा आहे. त्यामुळे चवळीवर तो लवकर आला तर घाबरायचं नाही. तिथे ढालकिड्यांची पहिली पिढी फुकटात वाढते आणि कपाशीवर मावा येईपर्यंत तयार असते. चवळीच्या ओळीवर चुकूनही औषध जाऊ देऊ नका. धुऱ्यावर थोडी कोथिंबीर, बडीशेप फुलावर जाऊ द्या. क्रायसोपर्लाचा पतंग, सिरफिड माशी, त्या बारीक परोपजीवी माश्या, सगळ्यांना प्रौढपणी मध आणि पराग लागतो. अळी मांसाहारी, आई-बाप फुलावर जगणारे, असा त्यांचा संसार असतो.

शेजाऱ्यांशीही बोला. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात 1990च्या दशकाच्या अखेरीस कपाशीचं एकात्मिक कीड व्यवस्थापन अख्ख्या गावाचं रान एकत्र धरून केलं गेलं, कारण ढालकिड्याला गट नंबर कळत नाही. तुमच्या बांधाला लागून असलेल्या दोघांनी पुढचे पंधरा दिवस जहाल औषध टाळलं तरी तुम्हाला मोठी मदत होईल. त्यांना रानात बोलवा आणि ती काळी अळी मावा खाताना दाखवा. माझ्या सांगण्यापेक्षा ते पाच मिनिटं जास्त पटवतील.

वीस झाडांचे आकडे कागदावर लिहा: मावा किती, तुडतुडे किती, अळ्या-भुंगेरे-अंडी किती. आज एकदा आणि पाच दिवसांनी त्याच झाडांवर एकदा. झाडांना सुतळी बांधून ठेवा म्हणजे सापडतील. दोन्ही दिवसांचे आकडे आले की पुढचं सांगतो.